सैनिकाच्या अंगावरचं पाणी

विषय वाचून काहींना वाटलं असेल, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला सैनिकांच्या पाण्याच्या पिशव्यांचं काय पडलंय? सांगतो. सैनिकाचं पाणी कोण वाहतं हा एक प्रश्न, आणि ते भरायचं कुठे हा दुसरा. पहिल्याची उत्तरं कारागिरांनी दिली. माझं लक्ष दुसऱ्यावर आहे.

पूर्वी फौजेचं पाणी शिपायाच्या अंगावर फारसं नसायचंच. हेल्याच्या नाहीतर बैलाच्या पाठीवर कातडी पखाल, भिस्त्याच्या खांद्यावर मशक. 'दुखणं हेल्याला आणि डाग पखालीला' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. (हल्ली डागाऐवजी इंजेक्शन देतात!) इंग्रजांच्या पलटणींनीही भिस्ती ठेवले. पण कातड्यातलं पाणी अनेक सवर्ण शिपायांना चालत नसे, म्हणून ते आपापला लोटा बाळगत.

त्या लोट्यानं इतिहासात एक जागा मिळवली आहे. जानेवारी 1857 मध्ये कलकत्त्याजवळ डमडमला एका खलाशानं ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितलं. शिपाई म्हणाला, माझा लोटा बाटेल. खलाशानं सुनावलं, थांबा, चरबीची काडतुसं दातांनी तोडलीत की तुमची जात कुठे राहते ते बघू! त्या वेळच्या लष्करी पत्रव्यवहारात हा प्रसंग नोंदलेला आहे. उठावाची कारणं अर्थातच याहून खोल होती.

आता त्याआधीची, आपल्या मुलखातली गोष्ट. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन सुमारे 800 माणसं घेऊन शिरूरहून निघाला, आणि रात्रभर चालून सकाळी भीमेकाठी कोरेगावला पोचला. पलीकडे पेशव्यांची फौज. 1 जानेवारीला दिवसभर झुंज चालली. नदी गावाला लागून, पण तिच्यापर्यंत जाता येईना. तोफेवरच्या काही गोऱ्या गोलंदाजांनी तर तहानेनं आणि थकव्यानं बेजार होऊन शरण जाऊ या, असं सुचवलं. पाणी मिळालं ते रात्र पडल्यावर. कोरेगावात कोण जिंकलं यावर आपल्याकडे भांडणं होतात. त्या दिवसाच्या तहानेबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलतं. तिथल्या स्तंभावर 'नाक' या अक्षरांनी संपणारी नावं आहेत, ती महार शिपायांची.

पुढे बाटली आली. पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश पायदळाची बाटली म्हणजे एनॅमल चढवलेला पत्रा, वर खाकी लोकरी कापड, तोंडाला बूच, आत दोन पिंट पाणी, म्हणजे लिटरभरापेक्षा थोडं जास्त. कापड ओलं ठेवलं की माठासारखंच पाणी गार राहायचं. ज्याचं पाणी त्याच्या कमरेला! भिस्त्याची वाट बघायला नको.

पण शिपाई निवृत्त होऊन गावी आला की? सुभेदार रामजी सकपाळ यांची मुलं 1901 च्या सुमारास वडिलांकडे गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडी केली. टोपलीत जेवण होतं, पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्यावर मागितलं, तेही मुसलमान असल्याचं सांगून. तरी मिळालं नाही. जेवण तसंच राहिलं. त्या मुलांत एक होते भीमराव. लष्करातल्या सुभेदाराचा मुलगा, लक्षात घ्या.

मग मार्च 1927. महाडला परिषद भरली. जमलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले शिपाईही होते. नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव 1924 मध्येच केला होता, तरी परिषदेसाठी 40 रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. सरकारच्या पलटणीत ज्यानं उमेद घालवली, त्याला स्वतःच्या तालुक्यात तांब्या बुडवायला जागा नव्हती. 20 मार्चला डॉ. आंबेडकर आणि ती सगळी माणसं तळ्यावर गेली आणि ओंजळीनं पाणी प्यायली. ना लोटा लागला, ना बाटली.

जाता जाता, आपल्या दिघ्यातलं इलठणपाड्याचं धरण इंग्रजी अमलात रेल्वेनं वाफेच्या इंजिनांसाठी बांधलं. इंजिनाला कोणी जात विचारली नाही.

आजची पाठीवरची पिशवी 1989 ची. टेक्सासमधल्या उन्हाळी सायकल शर्यतीसाठी मायकेल आयडसन यानं सलाइनची पिशवी पायमोज्यात भरून पाठीला लावली आणि नळी खांद्यावरून पुढे घेतली. त्यातून निघालेल्या पिशव्या पुढे सैन्यांनी उचलल्या: दोन-तीन लिटर पाणी, हात बंदुकीसाठी मोकळे. खोड एकच, किती उरलंय ते दिसत नाही. आणि थंडीत नळी गोठते, म्हणून घोट घेतल्यावर उलटी फुंकर मारून नळीतलं पाणी परत पिशवीत ढकलायचं.

सियाचीनला तर सगळीकडे बर्फच, पण ते वितळवल्याशिवाय पिता येत नाही. त्यासाठी रॉकेलचे स्टोव्ह लागतात, आणि ते रॉकेल खालून वर चढवावं लागतं. तिथल्या जवानाच्या प्रत्येक घोटाआधी कोणीतरी रॉकेल वाहिलेलं असतं.