देवळालीचा ताप आणि विद्यार्थ्यांचे मैदान

इंग्रजी बोलभाषेत वेडसर मनुष्यास उद्देशून ‘डुलाली’ हा शब्द आजही वापरला जातो. या शब्दाचे मूळ नाशिकरोडला लागून असलेल्या देवळाली छावणीच्या नावात आहे, हे कोशकारांनी मान्य केलेले आहे. मूळ प्रयोग ‘डुलाली टॅप’ असा होता. त्यातील पूर्वपद म्हणजे देवळाली आणि उत्तरपद म्हणजे आपला ‘ताप’. मुदत संपलेल्या गोऱ्या सोजिरांना विलायतेस नेणारी जहाजे साधारणतः हिवाळ्याच्या महिन्यांतच मुंबई बंदरातून सुटत. ज्याची नोकरी मार्चनंतर संपे, त्याला पुढचा सबंध उन्हाळा व पावसाळा देवळालीच्या छावणीत रखडत काढावा लागे. फ्रँक रिचर्ड्स या माजी शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत या रखडपट्टीचे व तिच्यामुळे माणसे कशी भ्रमिष्टासारखी वागू लागत याचे वर्णन केले आहे.

वास्तविक देवळालीचे हवामान या अपकीर्तीस पात्र नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० ते ६०० मीटर उंचीवरील हे ठिकाण मुंबईकरांनी आरोग्यधामांसाठी निवडले, ते उगाच नव्हे. नाशिक येथे १२ मे १९६० रोजी ४२.४ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. विदर्भ-खानदेशच्या मानाने ते सौम्यच म्हणावे लागेल. तेव्हा ‘डुलाली टॅप’ हा उन्हापेक्षा रिकामपणाचा रोग होता, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. परंतु ‘ताप’ या एकाच शब्दात मराठी भाषेने उष्णता, ज्वर आणि त्रास हे तीन अर्थ सामावून घेतले आहेत, आणि वैद्यकशास्त्रालाही पुष्कळ काळ यांतील पहिले दोन अर्थ निरनिराळे करता आले नव्हते. उन्हात कोसळलेला मनुष्य आणि हिवतापाने फणफणलेला मनुष्य यांच्या निदानात लष्करी डॉक्टरांची वारंवार गफलत होत असे. ही गफलत कशी दूर झाली आणि त्यातून मिळालेले ज्ञान पलटणीच्या कवायतीपासून विद्यार्थ्याच्या मैदानापर्यंत किती सावकाश पोहोचले, हा या निबंधाचा विषय आहे.

उन्हाने सैन्य हतबल होते, हे हिंदुस्थानातील सेनानींना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८५८ च्या मे महिन्यात सर ह्यू रोझ याच्या फौजेने, जिच्यात मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या, कूंच येथे तात्या टोपे यांच्या सैन्याशी लढाई दिली. त्या दिवशी उन्हाने अनेक सोजीर जागच्या जागी कोसळले आणि खुद्द रोझ यालाही उन्हाचे झटके आले. पाठलाग अर्धवट सोडावा लागला तो मुख्यतः उन्हामुळे. गोऱ्या शिपायांवर सकाळी दहाच्या आत हल्ला करू नये, ऊन चढू द्यावे, अशा आशयाचा बंडवाल्यांचा हुकूम आपल्या हाती लागल्याची नोंद रोझने केलेली आहे. दिवसाच्या तापमानाचा शस्त्र म्हणून विचार करणाऱ्या या हुकमाकडे इतिहासलेखकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

या अनुभवातून निघालेला निष्कर्ष मात्र चुकीचा होता. सूर्याचे किरण कवटीतून व कण्यातून आत शिरून मेंदूला इजा करतात, असे मत रूढ झाले. त्यातून भेंडाची टोपी आणि पाठीच्या कण्यावर बांधावयाची कापडी गादी ही साहेबी उन्हाळ्याची सामग्री निर्माण झाली. अमेरिकी लष्कराने तर फिलिपाइन्समध्ये शेकडो शिपायांना नारिंगी-तांबड्या रंगाची अंतर्वस्त्रे घालून पाहिली. काही उपयोग झाला नाही, असे १९१० साली जाहीर करावे लागले. या समजुतीला खरा छेद दिला तो जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने. १९०५ साली त्याने दाखवून दिले की, किरणांची वा नुसत्या हवेच्या उष्णतेची गोष्ट दुय्यम असून ओल्या फडक्याने वेढलेला, म्हणजे ओल्या फुग्याचा तापमापक काय दाखवितो, हे निर्णायक असते. स्थिर हवेत हा आकडा ८८ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर गेला, की स्वस्थ बसलेल्या मनुष्याचेही शरीर तापू लागते. कारण मग घाम वाळत नाही.

घाम वाळण्यावर एवढे का अवलंबून आहे, ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. स्नायू काम करतात तेव्हा खर्च होणाऱ्या शक्तीचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा अधिक भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. जोराने धावणाऱ्या तरुणाच्या शरीरात विश्रांतीच्या दहापटीहून अधिक उष्णता उत्पन्न होते. एक लिटर घाम त्वचेवरून वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर नेतो. तोच घाम टपकून जमिनीवर पडला, तर जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणून नाशिकरोडला मे महिन्यात पारा ३८ वर आणि आर्द्रता २० टक्के असली, तर ओल्या फुग्याचा तापमापक सुमारे २१ दाखवील; मुंबईत पारा ३३ वर पण आर्द्रता ६५ टक्के असली, तर तोच सुमारे २७ च्या पुढे जाईल. वर्तमानपत्रातील तापमानाचा आकडा पाहून ‘आज मुंबईत बरे आहे’ असे म्हणणाऱ्या क्रीडाशिक्षकाची येथेच फसगत होते. नाशिकचे कोरडे ऊन अंगातील पाणी न कळत ओढून घेते, हा त्याचा वेगळा दोष. घाम दिसतच नसल्याने मुलाला तहानेची जाणीव उशिरा होते.

हॉल्डेनच्या निष्कर्षांची भयंकर परीक्षा पहिल्या महायुद्धात मेसापोटेमियात झाली. मुंबईहून गेलेल्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १९१७ च्या जुलैमधील उष्म्याच्या लाटेत रुग्णालये उष्माघाताच्या रुग्णांनी भरून गेली. तेथील सल्लागार वैद्य विलकॉक्स याने १९२० साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. बर्फ, गार पाणी व पंखा यांची सिद्धता असलेली उष्माघात-केंद्रे जागोजाग ठेवणे आणि रुग्णाला लांबच्या इस्पितळात हलविण्यापूर्वी तेथेच थंड करणे, हा त्या मोहिमेचा धडा होता. पुढे १९३० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत दुसरी गोष्ट सिद्ध झाली: नव्या मजुराला क्रमाक्रमाने उष्म्यात काम दिले, तर सुमारे दोन आठवड्यांत त्याचे शरीर सरावते, त्याला लवकर व अधिक घाम येतो आणि त्या घामातून मीठ कमी जाते. पहिल्याच दिवशी पूर्ण काम दिलेला मजूर मरण्याचा संभव सर्वांत अधिक. तिसरी पायरी १९५७ ची. अमेरिकेच्या पॅरिस आयलंड येथील नौसैनिक प्रशिक्षण केंद्रात रंगरूट मरत होते, म्हणून याग्लू व मिनार्ड यांनी एक संयुक्त निर्देशांक बसविला. त्यात ओल्या फुग्याच्या तापमापकाला सात दशांश, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोलकातील तापमापकाला दोन दशांश व साध्या तापमापकाला एक दशांश इतके वजन दिले जाते. विशिष्ट आकड्यावर कवायत बंद, असा दंडक तेथे घातला गेला. आज जगभरची क्रीडामंडळे वापरतात ते हेच गणित.

रणांगण, खाण आणि रंगरूटांची छावणी, या तिन्ही ठिकाणी ज्ञान मिळाले ते मृत्यूंची मोजदाद झाली म्हणून. विद्यार्थ्यांच्या मैदानावर तशी मोजदाद करणारे कोणी नव्हते. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा मॅरेथॉन धावपटू फ्रान्सिस्को लाझारो उन्हात कोसळून दुसऱ्या दिवशी वारला, तरी शर्यतीत पाणी पिणे हे दुबळेपणाचे लक्षण मानण्याची पद्धत पुढे कित्येक दशके चालूच राहिली. आपल्याकडेही ‘घाम आला असता पाणी पिऊ नये’ हे वाक्य ऐकल्याशिवाय कोणी मोठा झाला नसेल.

तथापि महाराष्ट्राच्या जुन्या व्यायामपरंपरेत या बाबतीत बराच शहाणपणा होता, हेही नमूद केले पाहिजे. तालमीतील मेहनत पहाटे व सायंकाळी होई. दुपारी हौद्याची माती रिकामी असे. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गुळाचा खडा व पाण्याचा तांब्या ठेवण्याची रीत, मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत, यांतून पाणी, मीठ व साखर ही तिन्ही द्रव्ये एकत्र पोटात जात. नुसत्या पाण्याचा मारा केल्याने रक्तातील मीठ पातळ होऊन धावपटू दगावू शकतो, हे आधुनिक शास्त्राच्या ध्यानात १९८५ च्या सुमारास आले. बेळगावचा फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत धावून एकोणिसावा आला, तो याच संस्कारात वाढलेला होता. मात्र त्या दिवशी त्याच्या वाट्याला ऊन नव्हे, पाऊस व गारठा आला.

ही परंपरा खंडित झाली ती शाळा-महाविद्यालयांच्या वेळापत्रकामुळे. विद्यार्थ्याचे वर्ष जूनपासून एप्रिलपर्यंत परीक्षांनी बांधलेले. मोकळा काळ म्हणजे मे महिना. त्यामुळे प्रशिक्षणाची शिबिरे, निवड चाचण्या आणि पोलीस व सैन्यभरतीची तयारी या सर्व गोष्टी वर्षातील सर्वांत कडक उन्हाळ्यात येऊन पडल्या. त्यातही महिनाभर अभ्यासासाठी बसून असलेला मुलगा शिबिराच्या पहिल्या दिवशी मैदानावर येतो, तेव्हा तो खाणीतील नव्या मजुराच्याच अवस्थेत असतो. शाळा सुटल्यावर चार-साडेचार वाजता सुरू होणारा सरावही फारसा निर्दोष नाही. उन्हाळ्यात दिवसाचा पारा दुपारी तीनच्या सुमारास शिखर गाठतो आणि जमीन त्यानंतरही तापलेलीच असते.

नाशिकमध्ये याला एक चांगला अपवाद घडला. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली स्थापन केलेल्या भोसला सैनिकी शाळेच्या परिसरात प्रशिक्षक विजेंदरसिंग यांच्या हाताखाली लांब पल्ल्याच्या धावपटूंची एक पिढी तयार झाली. सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत ही त्यांतील अग्रणी. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक मिळविले आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. तिच्यानंतर संजीवनी जाधव हिने २०१७ मध्ये जुलैच्या दमट हवेत भुवनेश्वर येथे ५,००० मीटरचे आशियाई कांस्यपदक घेतले. उंचीवरचे गाव, गार पहाट आणि वर्षभर अखंड चालणारा सराव, या नाशिकच्या तीन अनुकूल गोष्टी होत. मे महिन्यातही तेथील पहाट बहुधा २०-२५ अंशांच्या आसपास असते.

मैदान अनुकूल असले तरी शर्यतीची वेळ धावपटूच्या हाती नसते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सकाळी साडेनऊला सुटली. कविता राऊत त्या शर्यतीत होती. तिची सहकारी ओ. पी. जैशा शर्यत संपविताच कोसळली. वाटेत भारतीय पथकाकडून पाण्याची सोय झाली नाही, असे तिने सांगितले, तर ॲथलेटिक्स महासंघाने तो आरोप नाकारला. वादाचा निकाल काहीही मानला, तरी पाणी कोणी व कोठे द्यावयाचे याचा लेखी बंदोबस्त किती महत्त्वाचा आहे, ते त्यावरून कळून येते.

याहून अधिक दारुण प्रसंग त्याआधी दोन वर्षे मुंबईत घडला होता. जून २०१४ मध्ये पावसाने ओढ दिली असताना पोलीस शिपाई भरतीसाठी ५ किलोमीटर धावण्याची चाचणी घेण्यात आली. गावोगावहून आलेल्या अनेक उमेदवारांनी रात्र पदपथावर काढल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. धावताना व धावून झाल्यावर काही तरुण कोसळले आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. प्रत्येक मृत्यू केवळ उष्म्याने झाला असे म्हणता येणार नाही. परंतु झोप नाही, पोटात अन्न नाही, हवेत दमटपणा आणि नोकरीसाठी जीव तोडून धावण्याची निकड, ही सामग्री पॅरिस आयलंडच्या रंगरूटांहून निराळी नव्हती. त्यानंतर धावण्याच्या वेळा व पाण्याची, वैद्यकीय मदतीची व्यवस्था सुधारण्यात आली. पुढील नियमांत पुरुषांसाठी हे अंतर १६०० मीटरवर आले.

उपचाराच्या बाबतीत मात्र मेसापोटेमियाचा धडा अद्याप नव्याने शिकविला जात आहे. शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या वर जाऊन मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, की त्याला अर्ध्या तासाच्या आत थंड करणे, हाच जीव वाचविण्याचा मार्ग होय. अंगातून घाम वाहत असला म्हणून उष्माघात नाही, ही समजूत घातक आहे. धावणाऱ्याच्या उष्माघातात घाम बहुधा असतोच. त्याला बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टपात गळ्यापर्यंत बसवावे, नंतर रुग्णवाहिकेत घालावे. टप नसेल तर मैदानाच्या नळावरची नळी, बादल्या व ओली फडकी यांनीही काम भागते. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. यासाठी लागणारा खर्च क्रिकेटच्या एका चांगल्या बॅटीहून अधिक नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील उघड्या मैदानावर झालेल्या सरकारी समारंभात नुसते उन्हात बसलेल्या १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्यानंतर राज्यातील शाळांना त्या वर्षी उन्हाळ्याची सुटी लवकर देण्यात आली. २०२५ च्या मार्चअखेरीस शिक्षण विभागाने सबंध राज्यात शाळा सकाळच्या सत्रात भरविण्याचा आदेश काढला. प्राथमिक वर्गांसाठी ७ ते ११.१५ ही वेळ ठरविण्यात आली. ‘सकाळची शाळा’ ही महाराष्ट्राच्या ओळखीची जुनीच व्यवस्था त्यामुळे पुन्हा सर्वत्र लागू झाली. शाळा सुटल्यानंतर भरणारी शिबिरे, खाजगी भरतीवर्ग आणि सायंकाळची मैदाने मात्र शाळेच्या घंटेवर चालत नाहीत. तेथे सराव किती वाजता सुरू करावयाचा, हे आजही शिट्टी हाती असलेला मनुष्यच ठरवितो.