टूर द फ्रान्स : पिवळी जर्सी एकाची, घाम आठ जणांचा

२१ टप्पे, तीन आठवडे आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटर. जगातील सर्वात मोठी सायकल शर्यत नेमकी चालते कशी? वाचा सविस्तर

लम्पी आजार महाराष्ट्रातील पशुपालकांना चांगलाच माहीत आहे. याच लम्पीमुळे जुलै २०२५ मध्ये फ्रान्समधील ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीचा रस्ता बदलावा लागला. आल्प्स पर्वतातील सेझी घाट परिसरात गुरांच्या एका कळपात लागण आढळली आणि जनावरे मारावी लागली. पशुपालकांवर आलेले संकट पाहून आयोजकांनी शर्यत त्या घाटातून नेलीच नाही. २५ जुलैचा सुमारे १३० किलोमीटरचा टप्पा जवळपास ९५ किलोमीटरवर आणला.

जगभर टीव्हीवर दिसणारी शर्यत एका कळपासाठी रस्ता बदलते, याचे कारण साधे आहे. ही शर्यत स्टेडियममध्ये होत नाही. ती गावातून, शेताच्या कडेने, घाटातून जाते. बघायला तिकीट लागत नाही. लोक घरासमोर खुर्च्या टाकून बसतात. वरून हेलिकॉप्टरचा कॅमेरा फिरतो म्हणून शेतकरी ट्रॅक्टर आणि पेंढ्याचे गठ्ठे वापरून शेतात भल्यामोठ्या सायकलींची चित्रे काढतात.

एका नजरेत

- सुरुवात : १९०३
- काळ : दरवर्षी साधारण जुलै महिना
- टप्पे : २१, मध्ये विश्रांतीचे २ दिवस
- अंतर : साधारण ३,३०० ते ३,५०० किलोमीटर
- एका संघात : ८ सायकलपटू
- २०२५ मध्ये : २३ संघ, १८४ सायकलपटू
- सायकलचे वजन : नियमानुसार किमान ६.८ किलो
- शेवट : बहुतेक वेळा पॅरिस

पेपरचा खप वाढावा म्हणून सुरू झाली शर्यत

‘लोटो’ नावाच्या फ्रेंच क्रीडा दैनिकाचा खप वाढत नव्हता. संपादक आंरी देग्रांज यांच्या एका तरुण सहकाऱ्याने कल्पना मांडली की, सायकलवरून अख्ख्या फ्रान्सला फेरी मारायची. १ जुलै १९०३ रोजी पॅरिसजवळच्या मोंजरों गावातून ६० जण निघाले. तेव्हा टप्पे फक्त ६ होते, पण एकेक टप्पा शेकडो किलोमीटरचा. सायकलपटू रात्री-अपरात्रीही पायडल मारत होते. शेवटपर्यंत पोहोचले २१ जण. मोरिस गारँ हा पहिला विजेता ठरला आणि दुसऱ्या क्रमांकापेक्षा तो जवळपास तीन तास पुढे होता. पेपरचा खप वाढला आणि शर्यत कायमची झाली. दोन महायुद्धांचा काळ सोडला तर ती दरवर्षी होते.

विजेता ठरतो घड्याळावर

अनेकांचा समज असतो की जास्त टप्पे जिंकणारा शर्यत जिंकतो. तसे नाही. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ लिहून ठेवतात आणि २१ टप्प्यांच्या वेळेची बेरीज करतात. ज्याची बेरीज सर्वात कमी, तो विजेता. त्यामुळे एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकता येते. उलट, पाच टप्पे जिंकलेला गडी घाटात एक दिवस ढेपाळला तर तो खूप मागे पडू शकतो.

टप्पे तीन प्रकारचे असतात. सपाट रस्त्याच्या टप्प्यात सगळे घोळक्याने येतात आणि शेवटच्या काही शे मीटरमध्ये धूम ठोकतात. डोंगरी टप्प्यात आल्प्स आणि पिरेनीज पर्वतातील घाट चढावे लागतात. पिरेनीजमधील तुरमाले घाटाची उंची २,११५ मीटर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही जास्त. तिसरा प्रकार एकट्याने घड्याळाविरुद्ध पळण्याचा. त्यात एकेकाला ठरावीक अंतराने सोडतात.

जर्सीचे चार रंग

- पिवळी : एकूण वेळेत सर्वात पुढे असलेल्याला. ‘लोटो’ पेपर पिवळ्या कागदावर छापला जायचा, म्हणून हा रंग आला असे सांगतात. ही जर्सी १९१९ पासून आहे.
- हिरवी : टप्प्याच्या शेवटी आणि वाटेतल्या ठरावीक ठिकाणी मिळणाऱ्या गुणांत पुढे असलेल्याला. बहुधा वेगाने धूम ठोकणारे गडी ती घेतात. ही १९५३ पासून दिली जाते.
- लाल ठिपक्यांची : घाटांवर सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला. जर्सी १९७५ पासून.
- पांढरी : २६ वर्षांच्या आतील सायकलपटूंमध्ये सर्वात कमी वेळ घेणाऱ्याला. हीसुद्धा १९७५ पासून.

मग बाकीचे सात जण करतात काय?

समोरून वारा असताना सायकल मारलेल्या माणसाला हे पटकन कळेल. ताशी ४० किलोमीटरच्या पुढे वेग गेला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पण कुणाच्या तरी मागे चिकटून चालवली तर तीच मेहनत साधारण ३० टक्क्यांनी कमी होते. मोठ्या घोळक्याच्या मध्ये असेल तर आणखी कमी.

म्हणून संघाचा म्होरक्या दिवसभर मागे राहतो आणि त्याचे साथीदार आळीपाळीने पुढे येऊन वारा अंगावर घेतात. म्होरक्याची ताकद शेवटच्या चढासाठी राखून ठेवायची, हे त्यांचे काम. त्यातलाच एखादा मागे संघाच्या गाडीपर्यंत जातो, पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबतो आणि पुन्हा जोर लावून पुढे येऊन सगळ्यांना वाटतो. म्होरक्याची सायकल पंक्चर झाली आणि गाडी दूर असेल तर साथीदार आपले चाक, प्रसंगी आपली सायकल काढून देतो. स्वतःचा नंबर किती मागे जाईल, हे तो बघत नाही.

अशा साथीदाराला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थच ‘घरगडी’ असा होतो. सुरुवातीला तो हिणवण्यासाठी वापरला गेला. आज तो मानाने घेतला जातो, कारण या गड्यांशिवाय कुणीही ही शर्यत जिंकत नाही.

चाक देऊन रडत बसलेला पोरगा

१९३४ ची गोष्ट. फ्रान्सच्या संघात रने व्हिएतो नावाचा २० वर्षांचा नवखा पोरगा होता. आल्प्सच्या घाटांत त्याने मोठमोठ्यांना मागे टाकले होते. पण संघाचा म्होरक्या होता आंतोनँ मान्य. पिरेनीजमध्ये मान्य पडला आणि त्याचे चाक मोडले. व्हिएतोने आपले पुढचे चाक काढून दिले. मान्य निघून गेला आणि व्हिएतो रस्त्याच्या कडेला कठड्यावर, चाक नसलेल्या सायकलशेजारी मदतीची वाट पाहत बसला. तो रडत होता. तो फोटो फ्रान्समध्ये आजही ओळखला जातो.

दुसऱ्याच दिवशी पुन्हा तसेच झाले. मान्यची सायकल बिघडली. पुढे असलेला व्हिएतो उलटा फिरून मागे आला आणि या वेळी अख्खी सायकलच देऊन टाकली. मान्यने शर्यत जिंकली. व्हिएतो एकूण क्रमवारीत पाचवा आला आणि घाटांचा मान त्याला मिळाला. त्यानंतर त्याला ही शर्यत कधीच जिंकता आली नाही.

लोहाराच्या भट्टीवर दुरुस्ती, तरी दंड

त्याआधीचे नियम तर आणखी कडक होते. सायकल मोडली तर दुरुस्ती स्वतःच करायची, कुणाची मदत घ्यायची नाही. १९१३ मध्ये तुरमाले घाटात युजेन क्रिस्तोफ याच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला. सायकल घेऊन तो सुमारे १४ किलोमीटर घाट पायी उतरला आणि सँत-मारी-द-कांपाँ या गावातील लोहाराच्या भट्टीवर पोहोचला. लोखंड तापवून, ठोकून त्याने स्वतःच चिमटा जोडला. अधिकारी शेजारी उभे राहून बघत होते. काही तास गेले. एवढे करूनही त्याला वेळेचा दंड लागला, कारण एका मुलाने भाता मारायला मदत केली होती!

१९१९ मध्ये पहिली पिवळी जर्सी याच क्रिस्तोफच्या अंगावर चढली. पण शर्यत हातात आली असताना पुन्हा चिमटा तुटला आणि विजय हुकला. आज मात्र बिघाड झाला की संघाचा मेकॅनिक गाडीतून उतरून काही सेकंदांत चाक बदलतो.

शेवटी येणाऱ्यालाही घड्याळ सोडत नाही

रोजच्या टप्प्याला वेळेची मर्यादा असते. टप्पा जिंकणाऱ्याच्या वेळेवर ठरावीक टक्के धरून ती काढतात. समजा पहिला गडी ५ तासांत आला आणि मर्यादा १० टक्के असेल, तर बाकीच्यांनी पुढच्या ३० मिनिटांत पोहोचलेच पाहिजे. उशीर झाला की शर्यतीतून बाहेर. सर्वांच्या मागे एक गाडी असते, तिला ‘झाडूगाडी’ म्हणतात. थकलेले सायकलपटू तिच्यात चढतात. एकूण क्रमवारीत सर्वात शेवटी असलेल्याला, रेल्वेच्या शेवटच्या डब्याच्या दिव्यावरून, ‘लाल कंदील’ म्हणतात.

२०२४ मध्ये ब्रिटनच्या मार्क कॅव्हेंडिशवर पहिल्याच दिवशी ही वेळ आली होती. उन्हाने त्याला उलट्या झाल्या आणि तो घोळक्याच्या खूप मागे पडला. साथीदार त्याच्यासोबत थांबले, त्याला सावरत मर्यादेच्या आत घेऊन आले. चारच दिवसांनी कॅव्हेंडिशने कारकिर्दीतील ३५ वा टप्पा जिंकला आणि बेल्जियमच्या एडी मेर्क्स यांचा ३४ टप्प्यांचा विक्रम मोडला. विक्रमाच्या यादीत नाव एकट्या कॅव्हेंडिशचे आहे.

तीन आठवडे आणि ८ सेकंद

१९८९ मध्ये शेवटच्या दिवशी फ्रान्सचा लोराँ फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता. उरले होते व्हर्साय ते पॅरिस हे एकट्याने पळायचे २४.५ किलोमीटर. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने ते अंतर तुटवले आणि शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. एवढ्या कमी फरकाने ही शर्यत दुसऱ्या कुणी जिंकलेली नाही.

सर्वाधिक म्हणजे प्रत्येकी पाच वेळा जिंकणारे चार जण आहेत : जाक आंकतील, एडी मेर्क्स, बेर्नार इनो आणि मिगेल इंदुराइन. स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने २०२५ मध्ये चौथ्यांदा शर्यत जिंकली.

काळी बाजूही आहे

१९६७ मध्ये मों व्हाँतू घाटात इंग्लंडचा टॉम सिम्पसन सायकलवरून कोसळला आणि दगावला. कडक ऊन होते आणि शरीरात उत्तेजक औषध सापडले. अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ सलग सात वेळा शर्यत जिंकली, पण उत्तेजके घेतल्याचे सिद्ध झाल्याने २०१२ मध्ये सातही विजेतेपदे काढून घेतली. त्या चौकशीत त्याच्याच जुन्या साथीदारांनी साक्ष दिली. त्या सात वर्षांच्या यादीत विजेत्याची जागा आज रिकामी आहे. आता सायकलपटूंच्या रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या जातात.

दुसरा धोका गर्दीचा. २०२१ मध्ये पहिल्याच टप्प्यात एक प्रेक्षक महिला टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे बघत पुठ्ठ्याचा फलक घेऊन रस्त्यात आली. एक सायकलपटू तिला धडकला आणि मागचे कितीतरी जण एकमेकांवर पडले. न्यायालयाने तिला १,२०० युरो दंड केला.

बक्षीस कुणाचे?

एकूण विजेत्याला ५ लाख युरो मिळतात. पण जुनी प्रथा अशी की बक्षिसाची रक्कम साथीदार, मेकॅनिक, मालिश करणारे अशा सगळ्यांत वाटली जाते. वारा ज्यांनी खाल्ला, त्यांचा वाटा त्यांना मिळतो.

महिलांसाठी ‘टूर द फ्रान्स फाम’ ही टप्प्यांची शर्यत २०२२ पासून होते. पहिल्या वर्षी नेदरलँड्सची आनेमीक फान फ्लूटेन जिंकली, तर २०२५ मध्ये फ्रान्सची पोलीन फेराँ-प्रेव्हो.

महाराष्ट्रातही घाटाचा राजा

सायकल शर्यत महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यत जुनी आहे आणि तीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. फ्रान्समध्ये लाल ठिपक्यांच्या जर्सीला जो मान, तोच हा. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यतही झाली.

अशी शर्यत टीव्हीवर लागली किंवा गावच्या रस्त्यावरून गेली, तर पिवळ्या जर्सीच्या पुढे कोण चालले आहे तेही बघावे. तोंडावर वारा घेत, मान खाली घालून जाणारा तो गडी बहुधा शेवटच्या चढाला मागे पडेल आणि फोटोत दिसणार नाही. पण पिवळी जर्सी तिथपर्यंत त्यानेच आणलेली असते.