सात नंबरचा रोड चव्वेचाळीस कसा झाला : यवतमाळ जिल्ह्यातले महामार्ग आणि त्यांचे क्रमांक

आजचा विषय थोडा रुक्ष वाटेल. रस्त्यांचे नंबर. पण पांढरकवड्याच्या कुठल्याही जुन्या ट्रकवाल्याला विचारा, तो अजूनही "सात नंबर" म्हणतो. पाटीवर मात्र चव्वेचाळीस आहे. हा सात कुठे गेला, चव्वेचाळीस कुठून आला आणि त्यानं आपल्या जिल्ह्यात कुणाचं काय बदललं, हे आज आपण बघणार आहोत.

आधी जमीन समजून घेऊ. यवतमाळ हा पठाराचा जिल्हा. अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे इथपर्यंत येऊन पोचलेत, म्हणून यवतमाळ शहर उंचावर आणि भोवतालचा मुलूख खाली. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा, आणि वणी तालुक्यात जुगादजवळ दोघींचा संगम. म्हणजे जिल्ह्यातून पूर्वेला किंवा दक्षिणेला बाहेर पडायचं तर नदी ओलांडावी लागते. पूल नाही तर पावसाळ्यात रस्ता नाही. आपल्याकडचा रस्त्यांचा इतिहास हा बराचसा पुलांचाच इतिहास आहे.

नंबर यायच्या आधी रस्ते होतेच. बंजारा समाजाची लदेणी, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून चालणारे तांडे, याच मुलखातून जात. त्यांना पक्की सडक नको होती. त्यांना पाणी, चारा आणि नदीला उतार हवा होता. आज पुसद, दिग्रस, दारव्हा या भागात इतके तांडे दिसतात, त्यामागे ही जुनी वाहतूक आहे. रेल्वे आणि सडक आल्या आणि लदेणी मोडली. एका समाजाचा पिढीजात धंदा त्यात गेला. रस्त्यांच्या सरकारी इतिहासात ही ओळ सहसा नसते, म्हणून इथे मुद्दाम सांगतो आहोत.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. आपला जिल्हा तेव्हा 'वणी जिल्हा', इंग्रजी कागदात 'वून'. १९०५ मध्ये पुसद तालुका जोडला गेला आणि नाव यवतमाळ झालं. इंग्रजांना वऱ्हाडातून काय पाहिजे होतं? कापूस. म्हणून त्यांच्या काळातला महत्त्वाचा रस्ता म्हणजे यवतमाळहून धामणगावच्या रेल्वे स्टेशनला जाणारा, पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरचा. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरची छोटी रेल्वे आली, आपली शकुंतला. दोघींची तोंडं मुंबईकडे. उमरखेडचा माणूस वणीला कसा जाईल, हा प्रश्न त्या आखणीत कुणाला पडलेला दिसत नाही. पैनगंगेच्या पलीकडे तर निजामाचं राज्य. माहूर तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १९५६ मध्ये ते नांदेडकडे आलं. आपल्याकडून रेणुकेच्या दर्शनाला जाणारा माणूस नदी ओलांडली की दुसऱ्याच राज्यात पाऊल टाकत होता. नागपूरहून हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद करत हैदराबादला जाणारा रस्ता तेवढा दोन्ही राज्यांना जोडून होता. तोच पुढे सात नंबर झाला.

आता नंबर आले कुठून ते बघू. यात दोन गोष्टी आपल्या फार जवळच्या आहेत. पहिली म्हणजे जयकर समिती. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये देशभरच्या रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली गेली. मोटारी वाढल्या होत्या, लांब रस्त्यांचा खर्च जिल्हा बोर्डांना झेपत नव्हता. समितीनं म्हटलं, लांब पल्ल्याचे रस्ते ही साऱ्या देशाची जबाबदारी आहे. पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांवरच खर्च करा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आज पंपावर आपण जो उपकर भरतो, त्याचं मूळ इथे आहे.

दुसरी गोष्ट नागपूरची. डिसेंबर १९४३, महायुद्ध सुरू, आणि सगळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. तिथे जी योजना ठरली तिला 'नागपूर योजना'च म्हणतात. वीस वर्षांत देशात किती रस्ते हवेत याचा हिशेब तर त्यांनी केलाच, पण आमच्या मते त्याहून मोठं काम केलं ते रस्त्यांची उतरंड लावण्याचं. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आताचे राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि गावरस्ते. शेतीच्या विकसित भागात कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, हे त्यांचं सूत्र. ही उतरंड म्हणजे केवळ नावं नव्हती. रस्त्याचा मालक कोण, पैसा कुणाचा आणि खड्डा पडला तर अर्ज कुठे द्यायचा, हे सगळं त्यात ठरलं. १९४७ च्या एप्रिलपासून राष्ट्रीय महामार्गांचा भार केंद्रानं घेतला, १९५६ मध्ये राष्ट्रीय महामार्ग कायदा झाला. आणि नागपूर-हैदराबाद रस्ता राष्ट्रीय महामार्ग सात म्हणून यादीत बसला. वाराणसी ते कन्याकुमारी, २,३६९ किलोमीटर. त्या काळचा देशातला सगळ्यात लांब महामार्ग.

मैलाच्या दगडावर ही उतरंड अजून दिसते. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय, हिरवं असेल तर राज्याचा. लहानपणी एसटीच्या खिडकीतून आपण सगळ्यांनी हे दगड मोजले असतील. रंगाचा अर्थ मात्र फार थोड्यांना कुणी सांगितला.

जुन्या नंबरांत अडचण अशी होती, की त्यांना भूगोल नव्हता. जसजसे रस्ते जाहीर होत गेले तसतसे नंबर पडत गेले. सहा नंबर आपल्या वरून, अमरावतीवरून, सुरतेहून कोलकात्याकडे. सतरा नंबर कोकणात. कल्याणहून नांदेडवरून निर्मलला जाणाऱ्याला २२२, तर रत्नागिरी-कोल्हापूरला २०४. नंबर ऐकून रस्ता कुठला ते कळायची सोय नव्हती.

२०१० च्या मार्चमध्ये केंद्रीय रस्ते मंत्रालयानं सगळे नंबर नव्यानं लावले. पद्धत साधी आहे, एकदा कळली की विसरत नाही. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम नंबर, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम नंबर, आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. म्हणून लडाखकडे एक नंबर, आणि आपल्या कोकण किनाऱ्याला ६६. तीन आकडी नंबर म्हणजे फाटा: शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे, पहिला आकडा फाट्याचा. फाट्याला पुन्हा फाटा फुटला तर पुढे अक्षर.

हे जाळं डोळ्यांपुढे आणा. सुरत-कोलकाता रस्त्याचा आपल्या भागातला तुकडा आता ५३, आपल्या उत्तरेला. कल्याण-नांदेड-निर्मल आता ६१, आपल्या दक्षिणेला. धुळे-संभाजीनगर-बीड-सोलापूर हा ५२, दूर पश्चिमेला. आणि पूर्वेच्या अंगानं खुद्द जिल्ह्यातून ४४. म्हणजे कन्याकुमारीच्या माणसाला सांगा, "आम्ही ५३ आणि ६१ च्या मधे, ४४ च्या बाजूला राहतो," तो नकाशात यवतमाळवर बोट ठेवील. निदान जवळपास तरी ठेवील.

हा ४४ अनेक जुने तुकडे जोडून केलेला. श्रीनगर ते कन्याकुमारी, सुमारे ३,७०० किलोमीटर. जुना सात त्यात मधेच विरघळला, वाराणसी-जबलपूरचा भाग दुसऱ्या नंबरांत गेला. आणि सात हा आकडा? तो पंजाबातल्या फाजिल्काहून निघून बद्रीनाथपर्यंत गेला. आपला सात नंबर तीर्थयात्रेला गेला म्हणा ना! आपल्याकडे राहिला तो चव्वेचाळीस: वडनेर सोडून वर्धा ओलांडायची, मग वडकी, करंजी, पांढरकवडा, डावी-उजवीकडे टिपेश्वरच्या जंगलाचा मुलूख, पाटणबोरी, पिंपळखुटी आणि पैनगंगेचा पूल. पलीकडे तेलंगण. उत्तर-दक्षिण कॉरिडॉर म्हणून तो चौपदरी झाला आणि केळापूरला टोलनाका आला. जगदंबेच्या यात्रेला पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीनं येणाऱ्या गावाच्या अंगणात टोलनाका, हा फरक नंबरच्या बदलाहून मोठा आहे.

दुसरा रस्ता आपल्या जास्त जिव्हाळ्याचा. नागपूर-बोरी-तुळजापूर. बोरी म्हणजे बुटीबोरी. हा होता राज्य महामार्ग. वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड, पुढे नांदेड, लातूर, तुळजापूर. नांदेडला तो ६१ ला भेटतो, म्हणून राष्ट्रीय झाल्यावर त्याचा नंबर ३६१. ६१ चा तिसरा फाटा. आर्णीला त्याला आडवा जातो तो १६१-अ, अकोल्याकडून दिग्रसवरून येऊन माहूर-किनवटकडे जाणारा. दोन मुख्यमंत्री देणारं पुसद मात्र ३६१ च्या बाजूलाच राहिलं, हे पुसदकर अजून बोलून दाखवतात. वणीकडचा ९३० हा छत्तीसगडातून ३० नंबरपासून फुटलेला: गडचिरोली, चंद्रपूर, वरोरा, वणी, आणि करंजीला ४४ वर. त्यातल्या वरोरा-वणी चौपदरी टप्प्याचं लोकार्पण २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळच्याच कार्यक्रमात झालं. हा कोळशाचा रस्ता आहे. वणीत राहणाऱ्याला त्याचा नंबर माहीत नसेल, धूळ माहीत असते.

आता कुणी म्हणेल, पाटी बदलली, डांबर तेच. नाही. राज्य महामार्ग राष्ट्रीय झाला की मालक बदलतो, रुंदी बदलते, जमीन घेण्याचा कायदा बदलतो. राज्याच्या बांधकाम खात्याच्या उपअभियंत्याला गाठणं आणि केंद्राच्या प्रकल्प कार्यालयाला गाठणं, यात फार अंतर आहे. भूसंपादनाचंही तसंच. १९५६ च्या कायद्याखाली मोबदल्याचा एक हिशेब होता. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातला वाढीव मोबदला महामार्गांना लागू झाला तो २०१५ च्या जानेवारीपासून. म्हणजे ज्याची जमीन आधी गेली त्याला एक भाव, ज्याची नंतर गेली त्याला दुसरा. एकाच शिवारात, एकाच काळ्या मातीला. कोरडवाहू कापूसवाल्या जिल्ह्यात ही गोष्ट किती खोल जाते हे आम्ही वेगळं सांगायला नको.

नंबरची खरी ताकद लोकांना दिसली ती वेगळ्याच प्रकरणात. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही. झालं! एका रात्रीत प्रश्न उभा राहिला, हा रस्ता महामार्ग आहे की शहरातला रोड? कित्येक राज्यांत शहरांमधल्या महामार्गांचा दर्जा काढून घ्यायची धावपळ झाली, आपल्या राज्यातही झाली. वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी ज्या रस्त्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, तो आपल्याकडे घ्यायला पालिका अचानक राजी व्हायला लागल्या. यवतमाळात तर पार्श्वभूमी आणखी नाजूक. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी, चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली, आणि मधे आपला जिल्हा उघडा. गावोगावच्या बाया दारूबंदीसाठी मोर्चे काढत होत्या. त्यांना तो निकाल मोठा आधार वाटला होता. जुलै २०१७ मध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं, की पालिका हद्दीत हा नियम लागू नाही. आधार तेवढा आखडला.

सध्याचा वाद आहे शक्तिपीठ महामार्गाचा. वर्ध्याच्या पवनारहून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, त्यात आपला एक, अशी त्याची मूळ आखणी. कोल्हापूर-सांगलीकडे त्याला जोरदार विरोध झाला. विरोधकांचा एक मुद्दा आम्हाला विचार करण्यासारखा वाटतो: नागपूर ते रत्नागिरी रस्ता आहेच की. बुटीबोरी ते तुळजापूर ३६१, आणि सोलापूर-सांगली-कोल्हापूरवरून आंबा घाट उतरून रत्नागिरीपर्यंत १६६. विदर्भाचं पठार आणि कोकणचा किनारा जोडणारी ही वाट तयार असताना तिला समांतर दुसरी कशाला? उलट बाजूही आहे: वेगाचा, प्रवेश-नियंत्रित रस्ता वेगळाच असावा लागतो, गावांमधून जाणाऱ्या रस्त्यावर वेग वाढवला तर माणसं मरतात. पण आधी नागपूर योजनेचा जुना प्रश्न विचारायला हवा: हा रस्ता नेमका कुणाला कुठे जाण्यासाठी?

कारण त्या उतरंडीत सगळ्यात खालची पायरी अजून रिकामी आहे. ती म्हणजे पांदण. गावापासून शेतापर्यंतची वाट. जून-जुलैत काळ्या मातीची पांदण बघा, बैलगाडीचं चाक आऱ्यापर्यंत रुततं. खताचं पोतं डोक्यावर न्यावं लागतं, सापाचं पान लागलेला माणूस खाटेवर आणावा लागतो. शेतापासून चार किलोमीटरवर चौपदरी महामार्ग असेल, पण ते चार किलोमीटर कापायलाच दोन तास. महामार्गाला नंबर आहे, राज्य मार्गाला आहे, जिल्हा मार्गाला आहे, ग्रामीण मार्गालाही आहे. पांदण गावनकाशात तुटक रेघांनी दाखवलेली असते, एवढंच. कुठे ती रेघही नाही, शेजाऱ्याच्या बांधावरून जायचं. आणि शेजाऱ्यानं बांध नांगरला, की शेतकरी महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करतो. केळापूर तालुका असो की उमरखेड, तहसील कचेरीत असे अर्ज दिसतात. त्या अर्जात रस्त्याचा नंबर लिहायला जागा नसते. तिथे दोन्ही बाजूंच्या शेतांचे गट नंबर लिहितात.

आता प्रश्न घेऊ.