शेल स्क्रिप्टमधून आपोआप ई-मेल सूचना



आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय लिनक्सवर चालू असतो. मुलांचे फोटो, आई-बाबांचे स्कॅन केलेले कागद यांचा बॅकअप त्यावर रात्री होतो. तो झाला की नाही हे रोज कोण बघणार? ते काम स्क्रिप्टनेच करावे आणि आपल्याला मेल पाठवावी. त्यासाठी लागणारी माहिती खाली दिली आहे. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लिपीतच लिहावी लागतात.

सूचना नुसती पोहोचून भागत नाही

१४ मे २०२१ रोजी आयर्लंडच्या एचएसई या सरकारी आरोग्यसेवेवर कॉन्टी रॅन्समवेअरचा हल्ला झाला, हे इथे राहणाऱ्यांना आठवत असेल. त्याचा पीडब्ल्यूसीने केलेला अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ३१ मार्चलाच अँटिव्हायरसने एका संगणकावर धोकादायक साधने ओळखली होती, पण तो फक्त निरीक्षणाच्या मोडवर होता, त्यामुळे त्याने काही अडवले नाही. १३ मे रोजी सुरक्षा पुरवठादाराने मेल करून कळवले की ७ मेपासून किमान १६ यंत्रणांवरच्या धोक्याच्या नोंदी तशाच पडून आहेत. त्यावर सर्व्हर रीस्टार्ट करण्यास सांगण्यात आले. दुसऱ्याच दिवशी फाइली लॉक झाल्या.

ते जाळे विंडोजचे आणि प्रचंड मोठे होते, पण धडा आपल्या छोट्या यंत्रालाही लागू आहे. सूचना लिहितानाच दोन गोष्टी ठरवाव्यात: ती कोण वाचणार, आणि वाचून काय करणार.

१. मेल पाठवण्याची सोय

घरच्या ब्रॉडबँडवरून थेट पाठवलेली मेल मोठ्या मेलसेवा सहसा नाकारतात किंवा स्पॅममध्ये टाकतात. म्हणून आपल्याच मेल खात्यामार्फत पाठवावी. त्यासाठी एमएसएमटीपी हा छोटा प्रोग्रॅम पुरतो. जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. गूगलने ती सोय मे २०२२ पासून बंद करायला सुरुवात केली. आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून वेगळा अॅप पासवर्ड घ्यावा. पोर्ट ५८७, टीएलएस चालू. पासवर्ड असलेल्या फाइलला सीएचमॉड ६०० द्यावे, म्हणजे ती दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही.

२. स्क्रिप्टमध्ये काय तपासायचे

प्रत्येक आज्ञा संपताना एक एक्झिट कोड देते. शून्य म्हणजे काम नीट झाले, दुसरा कोणताही अंक म्हणजे गडबड. इथे तीन खड्डे आहेत:

- हा अंक डॉलर आणि प्रश्नचिन्ह या जोडीत मिळतो, पण मध्ये एखादी एको आज्ञा आली की तो बदलतो. आरसिंक संपताच पुढच्याच ओळीत तो व्हेरिएबलमध्ये ठेवावा.
- आरसिंकचे आउटपुट पाइपने टी या आज्ञेला दिले, तर मिळणारा कोड टीचा असतो. बॅकअप फसला तरी शून्य येते. बॅशमध्ये सुरुवातीला पाइपफेल हा पर्याय चालू करावा.
- हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून चालत नाही, याचे नेहमीचे कारण म्हणजे क्रॉनचा पाथ तोकडा असतो. आज्ञांचे पूर्ण पाथ लिहावेत.

मेलच्या विषयातच यंत्राचे नाव, काय बिघडले आणि कोड लिहावा. आत लॉगच्या शेवटच्या वीस ओळी आणि "डिस्क भरली असल्यास जुने बॅकअप काढा" अशी एक सरळ सूचना द्यावी. घरातल्या दुसऱ्या माणसालाही ती कळली पाहिजे.

३. क्रॉन आणि आयर्लंडचे घड्याळ

मार्चच्या शेवटच्या रविवारी इथे रात्री १ चे २ वाजतात, म्हणजे दीड कधी वाजतच नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दीड दोनदा वाजतात. काही क्रॉन हे सांभाळून घेतात, पण त्यावर विसंबण्यापेक्षा काम ३.१५ ला ठेवावे. पुण्यातल्या भावालाही मेल जात असेल, तर तेव्हा त्याच्याकडे हिवाळ्यात ८.४५ आणि आपल्या उन्हाळ्यात ७.४५ झालेले असतात.

आणखी एक गंमत. डब्लिनची वेळ लावलेले लिनक्स उन्हाळ्यात 'आयएसटी' छापते. भारतातले यंत्रही आयएसटीच छापते! पहिले आयरिश, दुसरे भारतीय, आणि फरक साडेचार तासांचा. म्हणून तारखेसोबत यूटीसीपासूनचा फरक अंकांत छापावा.

४. मेल आली नाही तर?

फक्त बिघाड झाल्यावर मेल पाठवणारी स्क्रिप्ट सर्वात मोठ्या बिघाडात गप्प बसते. वीज गेली, राउटर बंद पडला, अॅप पासवर्ड रद्द झाला, तर मेल निघणारच नाही, आणि आपण "सगळे ठीक आहे" असे समजू. यावर दोन उपाय आहेत:

- दर रविवारी एक "ठीक आहे" मेल पाठवावी. त्यात शेवटच्या यशस्वी बॅकअपची तारीख, फाइलींची संख्या आणि डिस्कवर उरलेली जागा असावी. रविवारी ती आली नाही, तर सोमवारी यंत्र बघावे.
- शक्य असल्यास दुसऱ्या यंत्रावरून तपासावे. बॅकअप यशस्वी झाल्यावरच एका खुणेच्या फाइलची वेळ बदलावी. ती २६ तासांहून जुनी दिसली की दुसऱ्या यंत्राने मेल पाठवावी.

रोज मात्र "ठीक आहे" पाठवू नये. आठवड्याभरात त्या मेल न उघडता पुसण्याची सवय लागते, आणि खरी सूचनाही त्यांच्यासोबतच जाते.

शेवटी, सगळे बसवल्यावर बॅकअपची डिस्क मुद्दाम काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मेल येते का ते पाहा. महिन्यातून एकदा बॅकअपमधला एखादा फोटो परत काढून उघडून बघा. मेल काहीही सांगो, फोटो उघडला तरच बॅकअप झाला असे समजावे.