तपोवन आणि महारोगाचे औषध

अमरावती शहराच्या सीमेवरील तपोवन ही वसाहत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी इ. स. १९४६ मध्ये वसविली. लोक त्यांस दाजीसाहेब म्हणत. सरकारने १९५९ साली त्यांस पद्मश्री देऊन गौरविले. १९८६ साली ते निवर्तले. देशभक्त आणि महारोग्यांचे सेवक म्हणून त्यांची कीर्ती वऱ्हाडात टिकून आहे. परंतु व्यवसायाने ते होमिओपॅथ होते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते. महारोगाच्या उपचारांचा इतिहास पाहू गेल्यास ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण तपोवनाचा पाया पडला तो काळच असा होता की, आजवर सारखेच हतबल असलेल्या चिकित्सापंथांपैकी एकाच्या हाती खरे औषध नुकतेच येत होते.

तत्पूर्वीची स्थिती मोठी चमत्कारिक होती. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या, पश्चिम समुद्राकाठी वाढणाऱ्या वृक्षाचे तेल कुष्ठावर सांगितले आहे. यालाच आपल्याकडे कडू कवठ म्हणतात. नॉर्वेत हॅन्सेनने १८७३ साली या रोगाचा जंतू दाखवून दिला, तरी पुढे कित्येक दशके त्यास मारणारे द्रव्य पाश्चात्त्य वैद्यकापाशी नव्हते. तेव्हा डॉक्टर मंडळींनीही याच जातीच्या वृक्षांचे तेल उचलले. पोटात घेतल्यास मळमळ सुटे, म्हणून ते सुईने टोचू लागले, एवढाच काय तो फरक! गुण येई तो अनिश्चित. आणि पुष्कळदा रोग पुन्हा उलटे. सारांश, १९४० पर्यंत वैद्य आणि डॉक्टर एकाच तेलाची बाटली हाती घेऊन रोग्यापुढे उभे होते. अशा वेळी अमरावती-अकोल्याकडील एखादा शेतकरी वैद्याकडे गेला काय, भगताकडे गेला काय, की इस्पितळात गेला काय, त्याच्या नशिबात फारसे अंतर पडत नव्हते.

१९४१ साली अमेरिकेतील कारव्हिल येथील रुग्णालयात सल्फोन वर्गाच्या औषधाचा प्रयोग सुरू झाला आणि हे सारे पालटले. याच वर्गातील डॅप्सोनची स्वस्त गोळी पुढे हिंदुस्थानातही आली. तेव्हापासून रोग्याने गोळीवाचून घालविलेला प्रत्येक महिना त्याला महाग पडू लागला.

तो महाग कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. या रोगाचा जंतू कातडीबरोबर मज्जातंतूंनाही धरतो. चट्टा दुखत नाही, खाजत नाही, बधिर असतो. त्यामुळे घाई करावी असे रोग्यास वाटत नाही. इकडे कोपराजवळचा मज्जातंतू सुजत जातो आणि एके दिवशी करंगळी वाकडी होते. एकदा वाळून गेलेला मज्जातंतू कोणतीही गोळी पुन्हा सजीव करू शकत नाही. दुसरी फसगत याहून सूक्ष्म आहे. आरंभीचे काही चट्टे औषधावाचूनच मावळतात. त्या काळात रोग्याने जे काही घेतले असेल, मग ते कडुनिंबाचा रस असो, साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या असोत की अंगारा असो, त्यास यश लाभते. या रोगावरील नाना उपायांची ख्याती अशा आपोआप बऱ्या झालेल्या रोग्यांवर पोसली गेली आहे. वैद्य लबाड असतात म्हणून हे घडते असे नव्हे. प्रामाणिक वैद्यही याच अनुभवाने फसतो.

आपल्या पंथाची मर्यादा ओळखण्याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. 'हिंद स्वराज्य' या ग्रंथात गांधीजींनी डॉक्टरांवर कठोर टीका केली होती आणि निसर्गोपचारावर त्यांची निष्ठा होती. तरीही १९२४ च्या जानेवारीत, येरवड्याच्या कारावासात त्यांना आंत्रपुच्छाचा विकार जडला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या शस्त्रापुढे ते निमूटपणे पडले. मातीची पट्टी त्यांनी पुढेही सोडली नाही. पण त्या रात्री ती पुरणार नव्हती.

तपोवनाचे मोठेपण औषधाच्या पंथात शोधणे व्यर्थ आहे. घराने टाकलेल्या, देवळाच्या पायरीवर हात पसरणाऱ्या माणसास तेथे छप्पर मिळाले, शेती, विणकाम आणि सुतारकाम मिळाले. ही गोष्ट कोणत्याही डॉक्टरच्या पेटीत नव्हती. उलट जंतू मारण्याचे काम मायेने होण्यासारखे नव्हते. त्यास गोळीच हवी होती. दोन्ही कामे एकाच माणसाकडून अपेक्षिणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी रिफाम्पिसिन व क्लोफॅझिमिन यांची जोड सुचविली. वऱ्हाडाच्या शेजारचा वर्धा जिल्हा या नव्या उपचारात हिंदुस्थानात अग्रभागी होता. सहा किंवा बारा महिन्यांत हा उपचार पुरा होतो आणि तो सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतो. मेळघाटातील आरोग्यकेंद्रांत या गोळ्या देणारे डॉक्टर अनेकदा आयुर्वेदाचे पदवीधर असतात. तेव्हा हा तंटा आयुर्वेद आणि ॲलोपॅथी यांचा आहे असे मानण्याचे कारण नाही.

उपचार चालू असता मात्र एक कठीण वळण येते. रिफाम्पिसिनने लघवी तांबडी होते, क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडते. हे निरुपद्रवी आहे. परंतु कधी कधी चट्टे एकाएकी लाल होऊन फुगतात आणि मज्जातंतू ठणकू लागतात. औषध 'उष्ण पडले' असे म्हणून रोगी गोळ्या टाकतो व थंड काढ्याच्या शोधात निघतो. वस्तुतः जंतूंविरुद्ध शरीरानेच उठविलेला तो क्षोभ असतो. त्यावर गोळ्या चालू ठेवून प्रेडनिसोलोन द्यावे लागते, तेही त्वरित. नाहीतर हातपाय लुळे पडण्याचे भय असते.

आणि जंतू मेल्यानंतरही पाऊल बधिरच राहिले, तर घरगुती उपाय पुन्हा कामास येतो. अशा पावलास घाम येत नाही, कातडी कोरडी पडून टाच फुटते, आणि त्या भेगेतून जखम हाडापर्यंत जाते. म्हणून रोज थोडा वेळ पाय साध्या पाण्यात बुडवून, खरखरीत दगडाने कडक कातडी घासून, त्यावर तेल चोळावयाचे असते. खोबरेल चालते, तिळाचेही चालते.