संगणकाची ओळख आणि त्याचा ठावठिकाणा

शाळेत नाव दाखल होताच मुलाला जनरल रजिस्टरचा क्रमांक मिळतो. मूल कोणत्याही बाकावर बसो, हा क्रमांक बदलत नाही. समजा, शाळेने बाकाचा क्रमांकच मुलाची ओळख मानली, तर बाक बदलताच जुना मुलगा गैरहजर आणि नवाच कोणी हजर! संगणकांच्या जाळ्यात असेच काहीसे घडले.

अमेरिकेतील 'अर्पानेट' या जाळ्यावर पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी गेला. त्यात संगणकाचा पत्ता सुरुवातीला ८ बिटांचा असे. ६ बिट दुव्याच्या यंत्राचा क्रमांक सांगत आणि २ बिट त्या यंत्रावरील जोडणी. म्हणजे तो पत्ता संगणकाचा नव्हे, तर त्याच्या जागेचा होता. त्या काळचे अवजड संगणक जागचे हलत नसत. म्हणून हा दोष फारसा जाणवला नाही.

१९७८ साली जॉन शॉक यांनी एका टिपणात भेद स्पष्ट केला: नाव म्हणजे आपल्याला काय हवे, पत्ता म्हणजे ते कोठे आहे आणि मार्ग म्हणजे तेथे कसे जावे. १९८२ मध्ये जेरोम सॉल्टझर यांनीही यंत्र आणि त्याच्या जोडणीची जागा या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचे दाखविले. तरीही १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने स्वीकारलेल्या आयपी पद्धतीत ३२ बिटांचा एकच क्रमांक ही दोन्ही कामे करीत राहिला. त्याच वर्षी पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची व्यवस्था आखली. परंतु नावावरून क्रमांक सापडला की पुढचे संभाषण त्या क्रमांकावरच चाले.

पुढे संगणक खिशात आला आणि दोष उघड झाला. घरातून रस्त्यावर येताच फोनचे जाळे बदलते, क्रमांक बदलतो आणि चालू संभाषण तुटू शकते. मग प्रत्येक यंत्राला कायमचा क्रमांक का देऊ नये? कारण मार्ग दाखविणारी यंत्रे पिनकोडप्रमाणे क्रमांकाच्या पुढच्या भागावरून दिशा ठरवितात. प्रत्येक यंत्राची स्वतंत्र नोंद ठेवायची तर त्यांच्या वह्या अपुऱ्या पडतील.

यावर अनेक उपाय निघाले. १९९६ च्या 'मोबाइल आयपी'मध्ये मूळ पत्त्यावर आलेला मजकूर नव्या मुक्कामी पाठविण्याची सोय झाली. रॉबर्ट मॉस्कोविट्झ यांच्या 'हिप' पद्धतीने ओळखीसाठी गुप्तलेखनाची किल्ली वापरली. त्यामुळे 'मीच तो' हे संगणकाला सिद्ध करता येते आणि तोतयाला वाव राहत नाही. २०१३ च्या 'लिस्प'ने ओळख व ठिकाण यांना वेगळे क्रमांक देऊन त्यांची सांगड घालणारी नोंदवही ठेवली. मात्र सर्व जगाने एकदम बदलणे शक्य नव्हते. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या 'क्विक'ने निदान संभाषणाला स्वतःचा क्रमांक दिला. पत्ता बदलला तरी ते चालू राहू शकते.

यातून घेण्याजोगा बोध साधा आहे. दोष वेळीच दाखविला गेला होता, तेव्हा जाळ्यात संगणक जेमतेम काहीशे होते. त्या वेळी जे थोडक्यात झाले असते, ते चाळीस वर्षांनंतरही पुरते झालेले नाही. गणिताच्या पहिल्याच पायरीवर 'हा क्रमांक नेमका कशाचा?' असे विचारणाऱ्या मुलाला, पालकहो, आपण गप्प बसवू नये.