सव्वातीनचे साडेसात अंश

आजची गोष्ट माझ्या फजितीपासून सुरू होते.

कॉलेजचं शेवटचं वर्ष, प्लेसमेंटचा इंटरव्ह्यू. समोरच्या सरांनी विचारलं, "सव्वातीन वाजता घड्याळाच्या दोन काट्यांमधला कोन किती?" मी ताडकन म्हटलं, "शून्य." मिनिट काटा तीनवर, तास काटाही तीनवर, मग कोन येणार कुठून? सर हसले आणि फाईल मिटली.

उत्तर आहे साडेसात अंश. मिनिट काटा मिनिटाला 6 अंश चालतो, तास काटा अर्धा अंश. म्हणजे 15 मिनिटांत तास काटा तीनच्या पुढे साडेसात अंश सरकलेला असतो. मिनिट काटा त्याला गाठतो तो 3 वाजून 16 मिनिटं 22 सेकंदांच्या सुमारास. आठवीतल्या पोरालाही जमेल असं गणित. मग मी चुकले कशी? नोकरी गेली ती गेलीच, पण हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. शोधत शोधत पोचले जुन्या युरोपात.

तिथे 14व्या शतकापासून मनोऱ्यांवर यांत्रिक घड्याळं बसायला लागली. त्यातल्या बहुतेकांना काटा एकच होता, तासाचा! वेळ कशी बघायची? काटा तीन आणि चारच्या मधोमध असेल तर साडेतीन. अशा कितीतरी तबकड्यांवर तासाचे चार भाग केलेले असायचे. तासाचे 30 अंश, भागिले चार: साडेसात. म्हणजे मी जेवढी चुकले तेवढंच त्यांचं सगळ्यात बारीक माप. (आपली भाषा बघा ना, सव्वा, साडे, पावणे! एका काट्याच्या घड्याळाला एवढं पुरतं.)

दुसरा काटा का नव्हता? कारण त्याचा उपयोगच नव्हता. ही घड्याळं दिवसाला साधारण पाव तास मागेपुढे व्हायची. मग मिनिटं दाखवून करायचं काय? खगोलशास्त्रज्ञांकडची मोजकी घड्याळं सोडली, तर मिनिट काटा ही चैनच होती.

चित्र बदललं ते लंबकामुळे. 1656 मध्ये हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने लंबकाचं घड्याळ तयार केलं, आणि 1657 मध्ये हेगमधला कारागीर सालोमन कोस्टर याला ते बनवण्याचा परवाना मिळाला. चूक पाव तासावरून दिवसाला मिनिटाच्या आत आली. हा फरक माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या बाईला वेडं करणारा आहे. एकदम 15 पट! आता मिनिट काटा खरं बोलू शकत होता, म्हणून तो हळूहळू सगळीकडे आला.

आणि आपण बिघडलो. बारीक वेळ मिनिट काटा सांगतो म्हटल्यावर तास काट्याकडे फक्त आकड्यापुरतं बघायचं, तो मधल्या वेळात सरकतो हे विसरायचं. मी तेच केलं होतं.

इंग्लंडमध्ये लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबी गावात चर्चच्या मनोऱ्यावर 16 फुटांहून मोठी तबकडी आहे. तिला आजही एकच काटा आहे. माझा इंटरव्ह्यू तिच्याखाली झाला असता, तर सरांना कोन विचारताच आला नसता. आणि तीन वाजून गेल्यावर काटा तीनच्या पुढे सरकलाय, हे मला न विचारताच दिसलं असतं.